खालच्या बांध्यांचा हिशेब

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एखाद्या जुन्या तलावाच्या पाळीवर उभं राहिलं, की एका बाजूला पाणी दिसतं आणि दुसऱ्या बाजूला पायऱ्या उतरत गेल्यासारख्या धानाच्या बांध्या. पाळीच्या पोटातून पाणी बाहेर काढायला तुडूम असतो. त्याला एकाखाली एक भोकं आणि प्रत्येक भोकाला बूच. तलावातलं पाणी जसजसं उतरेल, तसतसं खालचं बूच काढायचं. पाणी पाटात येतं, पाटातून वरच्या बांधीत, तिथून खालच्या बांधीत. शेवटच्या बांधीतल्या धानाला हे पाणी कितव्या भोकातून आलं याचा पत्ता नसतो आणि गरजही नसते. वेळेवर पाणी मिळालं, की त्याचं भागतं.

तुडूम कधीतरी दुरुस्तीला येतोच. पण धान पोटरीत असताना त्याला कोणी हात लावत नाही. ते काम उन्हाळ्याचं, तलाव उतरल्यावरचं. आणि हात लावण्याआधी खाली कोणाकोणाच्या बांध्या आहेत, याचा हिशेब होतो.

मी दिवसभर जावा लिहितो, आणि या दुरुस्तीत मला माझ्याच कामाचं चित्र दिसतं. जावात डिपेन्डन्सी इंजेक्शन नावाची एक पद्धत आहे. ती राबवणारी फ्रेमवर्क आहेत. ‘स्प्रिंग’ आणि ‘गूस’ (Guice) ही त्यांतली दोन मोठी नावं. आपल्याकडची पोरं मुलाखतीसाठी स्प्रिंगची व्याख्या पाठ करतात, पण ही फ्रेमवर्क स्वतः कशी बदलतात, त्यांच्या सुधारणेची आखणी कशी होते, हे त्यांना कोणी सांगत नाही. माझ्या मते या विषयातला सगळा रस तिथेच आहे.

आधी पद्धत समजून घेऊ. आधारभूत धान खरेदी केंद्रासाठी प्रोग्रॅम लिहायचा आहे, असं धरा. शेतकरी कट्टे घेऊन येतो, वजन होतं, दराने गुणाकार होतो, पावती निघते, मोबाइलवर संदेश जातो. ‘धानखरेदी’ नावाचा एक क्लास लिहिला. त्याला तीन वस्तू लागतात: वजन सांगणारा काटा, दर सांगणारी यादी आणि संदेश पाठवणारी सोय. नवशिका माणूस काय करतो? त्या क्लासच्या आतच ‘न्यू’ असं लिहून अमुक कंपनीचा काटा तयार करतो, तमुक कंपनीची संदेशसेवा तयार करतो. प्रोग्रॅम चालतो, सगळे खूश.

मग एक दिवस केंद्रावरचा काटा बदलतो. आता ‘धानखरेदी’ उघडून फोडावी लागते, वास्तविक तिच्या हिशेबात काहीच बदललेलं नसतं. त्याहून वाईट म्हणजे हा हिशेब बरोबर आहे का हे तपासायला दरवेळी खरा काटा जोडावा लागतो आणि खऱ्या शेतकऱ्याला खरा संदेश जातो. वस्तू बनवणं आणि वस्तू वापरणं ही दोन कामं एकाच माणसाच्या गळ्यात बांधल्याचा हा परिणाम.

डिपेन्डन्सी इंजेक्शनचं म्हणणं साधं आहे. क्लासने आपल्याला काय लागतं तेवढं दारावर लिहून ठेवावं: ‘मला एक काटा द्या, एक दरयादी द्या, संदेश पाठवणारं काहीतरी द्या.’ हे दार म्हणजे कन्स्ट्रक्टर. वस्तू कुठून आणायची, कोणती आणायची, एकच सगळ्यांना वाटून द्यायची की प्रत्येकाला नवी करायची, हे बाहेरचा कोणीतरी बघेल. तपासणीच्या वेळी तोच बाहेरचा माणूस खोटा काटा आणून देतो, जो कायम चाळीस किलो दाखवतो. दहा कट्ट्यांचे चारशे किलो झाले, पावती बरोबर निघाली, तपासणी संपली. ‘धानखरेदी’ला काटा खरा की खोटा याचा सुगावाही लागत नाही.

हा बाहेरचा माणूस म्हणजेच फ्रेमवर्क. लहान प्रोग्रॅममध्ये त्याची गरज नसते. वस्तू जोडून देणारा दहा ओळींचा मजकूर हातानेच लिहावा, आणि तो तसाच लिहावा असं माझं ठाम मत आहे. पण क्लास शेकड्यांनी झाले, की कोणाला आधी बनवायचं आणि कोणाला नंतर, ही उतरंड हाताने सांभाळणं अवघड होतं. तिथे फ्रेमवर्क कामाला येतं. ते सगळी दारं वाचतं, कोणाला कोण लागतं याचा नकाशा करतं आणि तलावापासून शेवटच्या बांधीपर्यंत ओळीने पुरवठा लावून देतं.

रॉड जॉन्सन यांनी २००२ साली तेव्हाच्या अवजड जावा पद्धतींवर टीका करणारं एक जाड पुस्तक लिहिलं आणि त्यासोबतच्या कोडमधून स्प्रिंग उगवलं. त्याची पहिली आवृत्ती मार्च २००४ मध्ये आली. त्याच वर्षी जानेवारीत मार्टिन फाउलर यांनी एक लेख लिहून या पद्धतीला डिपेन्डन्सी इंजेक्शन हे नाव रूढ केलं. गूस हे गूगलमधल्या जाहिरात विभागाच्या कामातून, बॉब ली यांच्या हातून घडलं आणि मार्च २००७ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. २००९ मध्ये बॉब ली आणि रॉड जॉन्सन या दोघांनी मिळून ‘इंजेक्ट’ ही सामाईक खूण ठरवून घेतली. दोन वेगळ्या फ्रेमवर्कच्या कर्त्यांनी दाराची पाटी एकच असावी म्हणून एकत्र बसणं, ही मला या इतिहासातली सगळ्यांत चांगली गोष्ट वाटते.

फाउलर यांनी त्या लेखात आणखी एका पद्धतीची तुलना केली होती: सर्व्हिस लोकेटर. त्याचं जिवंत उदाहरण आपल्याच रेल्वेमार्गावर आहे. गोंदियाहून हावड्याकडे जाणारी गाडी डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग, रायपूर करत बिलासपूरला पोचते. बिलासपूरजवळ गनियारीला जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेचं रुग्णालय आहे, आदिवासी आणि गरीब खेड्यांतल्या रुग्णांसाठी. ‘बहमनी’ नावाची रुग्णालयाची खुली संगणक प्रणाली थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या लोकांनी सुरुवातीला तिथेच चालवून पाहत घडवली. बहमनीच्या पोटात ‘ओपन एमआरएस’ हे २००४ साली सुरू झालेलं रुग्णनोंदींचं सॉफ्टवेअर आहे. ते जावात आहे आणि त्याच्या तळाशी स्प्रिंग आहे.

पण ओपन एमआरएसच्या कोडमध्ये एक ‘कॉन्टेक्स्ट’ नावाचा क्लास जागोजागी भेटतो. कोणालाही कुठूनही त्याला हाक मारून म्हणता येतं, ‘रुग्णांची सेवा दे.’ तो काढून देतो. हाच सर्व्हिस लोकेटर. म्हणजे पाणी बांधीत येण्याची वाट न बघता बांधीनेच उठून तुडमापाशी जायचं. सोयीचं आहे, यात शंका नाही. रुग्णालयासाठी छोटी मोड्यूल लिहिणाऱ्याला फ्रेमवर्क न शिकता काम सुरू करता येतं. किंमत पुढे मोजावी लागते. क्लासच्या दारावर काहीच लिहिलेलं नसतं. त्याला काय काय लागतं हे कळायला त्याचा सगळा देह वाचावा लागतो. आणि अशी हाक इतक्या देशांतल्या इतक्या मोड्यूलमधून मारली जात असेल, तर ती पद्धत चुकीची वाटली तरी एका रात्रीत बंद करता येत नाही. बंद केली तर कोड मोडेल आणि त्यापाठोपाठ दवाखान्यातली रांग थांबेल.

फ्रेमवर्कच्या सुधारणेची आखणी इथून सुरू होते. मला काय नवं जोडायचंय हा प्रश्न दुसरा. माझ्यावर कोण उभं आहे हा पहिला.

एक गोष्ट अगदी जवळून सांगतो. काही वर्षांपूर्वी उबुंटूवर मेव्हन हे प्रोग्रॅम बांधायचं साधन वापरणाऱ्या कोणालाही, आणि कॉलेजांच्या प्रयोगशाळांत उबुंटूच असायचं, प्रोग्रॅम बांधायला घेतला की पहिल्या काही ओळींत एक इशारा दिसे: इल्लीगल रिफ्लेक्टिव्ह ॲक्सेस. त्या ओळीत गूसचं नाव असे. पोरं घाबरून विचारत, सर, आमचं काय चुकलं? त्यांचं काहीच चुकलेलं नसे. मेव्हन स्वतःच्या आतल्या जोडणीसाठी गूस वापरतं. गूस त्या काळी सीजीलिब नावाच्या जुन्या लायब्ररीवर टेकलेलं होतं, आणि ती लायब्ररी जावाच्या स्वतःच्या आतल्या खोलीत मागच्या दाराने शिरत होती. जावा ९ ने, म्हणजे सप्टेंबर २०१७ मध्ये, त्या दारावर पहारा बसवला. ‘आत्ता जाऊ देतो, पण पुढच्या एखाद्या आवृत्तीत दार बंद होईल,’ असंच तो इशारा सांगत होता.

आता गूस सांभाळणाऱ्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. सीजीलिब काढायचं, तर त्याच्या जोरावर चालणारं सगळं आपल्या हाताने नव्याने लिहायला हवं. एखाद्या मेथडला मध्येच अडवून तिच्याआधी आणि नंतर आपलं काम घुसवण्याची सोय गूस देतं. ती चालू राहायला हवी. वेग कमी व्हायला नको. बाहेरून कोणाला एक अक्षरही बदलावं लागू नये. हे काम गूस ५.० मध्ये झालं, फेब्रुवारी २०२१ मध्ये. पुढच्याच महिन्यात आलेल्या जावा १६ ने ते दार एरवीसाठी बंद केलं आणि सप्टेंबरमधल्या जावा १७ ने ते सरसकट पुन्हा उघडण्याची किल्लीही काढून घेतली. तारखा शेजारी शेजारी ठेवल्या, की रोवणीच्या आदल्या दिवशी पाट साफ झाल्यासारखं वाटतं. वापरणाऱ्याला काय दिसलं? इशाऱ्याची ओळ नाहीशी झाली, एवढंच. इतकं मोठं काम आणि त्याचं फळ म्हणजे एक ओळ न दिसणं. असल्या कामाला टाळ्या पडत नाहीत. मला मात्र सुधारणा म्हणून हीच सगळ्यांत आदराची वाटते.

दुसरी गोष्ट नावाची आहे, आणि ती गोंदिया-भंडाऱ्याच्या माणसाला चटकन कळेल. आपले जुने तलाव गावोगावच्या कोहळी मंडळींनी बांधले. नवेगावबांधचा प्रचंड तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचं सांगतात. पुढे हे तलाव मालगुजारांकडे होते. १९५० चा मालगुजारी निर्मूलनाचा कायदा पुढच्या वर्षी अमलात आला आणि तलाव सरकारकडे गेले. तेव्हापासून त्यांचं नाव ‘माजी मालगुजारी तलाव’, आणि लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’. पाळ तीच, पाणी तेच; मालकी बदलली, नाव बदललं, आणि दुरुस्ती कोणी करायची हा प्रश्न मागे राहिला.

जावाचं असंच झालं. मोठ्या कामांसाठीचे जावाचे नियम ओरॅकल कंपनीकडे होते. २०१७ मध्ये ते एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवायचं ठरलं. पण ‘जावाएक्स’ या नावाखाली पुढे काही बदल करायला ओरॅकलची परवानगी मिळाली नाही. २०१९ मध्ये बोलणी फिसकटली आणि डिसेंबर २०२० मध्ये सगळ्या पाट्या बदलून ‘जकार्ता’ झाल्या. ‘जावाएक्स इंजेक्ट’ असं जिथे लिहिलं होतं तिथे ‘जकार्ता इंजेक्ट’. अर्थ तोच, काम तेच. पण संगणकाला अर्थ कळत नाही, त्याला अक्षरं कळतात. पाटी वेगळी, म्हणजे त्याच्या लेखी दार वेगळं. दोघा कर्त्यांनी एकत्र बसून ठरवलेली ती सामाईक खूणही यात सापडली.

स्प्रिंगने नोव्हेंबर २०२२ च्या सहाव्या आवृत्तीत एकदम उडी घेतली: जावा १७ च्या खाली चालणार नाही, आणि पाट्या जकार्ताच्या. त्यांची ताकद मोठी, वापरणारे मोठे, आणि जुन्या आवृत्तीला दुरुस्त्या देत राहण्याची त्यांची तयारीही होती. गूसने मे २०२३ मध्ये जे केलं ते मला जास्त शहाणपणाचं वाटतं. त्यांनी दोन आवृत्त्या एकत्र काढल्या. सहावी आवृत्ती ‘इंजेक्ट’च्या जुन्या आणि नव्या दोन्ही पाट्या ओळखते. सातवी फक्त नवी ओळखते. म्हणजे मोठ्या प्रोग्रॅमवाल्याने आधी सहावीवर यायचं, एकेक क्लास सवडीने नव्या पाटीवर न्यायचा, मधल्या काळात जुनं-नवं शेजारी शेजारी चालू द्यायचं, आणि शेवटची जुनी पाटी उतरली की सातवीवर जायचं. नवा पाट खोदून त्यातून पाणी वाहतं झाल्यावर मगच जुना बुजवायचा, अशी ही रीत.

तिसरा प्रसंग वळण लावण्याचा. दोन क्लास एकमेकांवर अवलंबून असले तर काय? ‘धानखरेदी’ला ‘पावती’ हवी आणि ‘पावती’ला ‘धानखरेदी’ हवी. दोन बांध्या एकमेकींच्या पाण्याची वाट बघत बसल्यासारखं. वस्तू कन्स्ट्रक्टरऐवजी मागाहून भरता येत असेल, तर स्प्रिंग वर्षानुवर्षं यातून युक्तीने मार्ग काढून देत असे: अर्धवट बनलेली वस्तू एकाच्या हातात देऊन ठेवायची, उरलेलं मागाहून भरायचं. प्रोग्रॅम चाले, पण ही गुंतवळ रचनेतली चूक आहे हे लिहिणाऱ्याला कधी कळतच नसे. स्प्रिंगवरच उभ्या असलेल्या स्प्रिंग बूटच्या नोव्हेंबर २०२१ मधल्या २.६ आवृत्तीपासून असं वर्तुळ दिसलं की प्रोग्रॅम सुरूच होत नाही. सोबत एका ओळीची सेटिंग ठेवली आहे. ती लिहिली की जुनी वागणूक परत मिळते.

अनेकांनी तेव्हा कुरकुर केली, कारण चालणारे प्रोग्रॅम आवृत्ती बदलताच अडले. मी या निर्णयाच्या बाजूने आहे. नवीन लिहिणाऱ्याला योग्य वाट आपोआप मिळावी आणि जुन्याला सावरायला एक किल्ली असावी. त्या किल्लीचं नाव लांबलचक आहे आणि त्यात ‘वर्तुळाला परवानगी द्या’ असंच लिहिलेलं आहे, हेही बरं. फाइल उघडणाऱ्या पुढच्या माणसाला कळतं, की इथे एक गाठ आहे आणि ती कोणीतरी जाणून ठेवली आहे.

चौथी दिशा वेगाची. स्प्रिंग आणि गूस नकाशा करतात तो प्रोग्रॅम सुरू होताना. दार वाचायचं, वस्तू शोधायची, हे सगळं चालत्या वेळी. स्क्वेअर कंपनीतून २०१२ मध्ये आलेल्या ‘डॅगर’ने यातलं बरंच काम कंपाइल होतानाच उरकायला सुरुवात केली, आणि पुढे गूगलने वाढवलेल्या त्याच्या दुसऱ्या अवताराने ते सगळंच तिथे नेलं. जोडणीचा मजकूर आधीच लिहून तयार, म्हणून फोनवरचं ॲप लवकर उघडतं आणि एखादी वस्तू पुरवायची राहिली असेल तर ते ॲप लोकांच्या हातात जाण्याआधीच कळतं. मोठ्या सर्व्हरच्या बाजूला मायक्रोनॉट आणि क्वार्कस यांनी तीच वाट धरली. तरीही हे फ्रेमवर्क सोडून ते धरा, असं मी म्हणणार नाही. चालत्या वेळी जोडणी बदलण्याची मुभा ज्यांना लागते, त्यांना स्प्रिंगची पद्धतच सोयीची आहे.

उद्या आपल्यापैकी कोणाला असं फ्रेमवर्क सुधारायला मिळालं, किंवा कंपनीच्या आतलंच एखादं छोटं जोडणीचं साधन हाती आलं, तर आखणीचा कागद कसा दिसावा? माझ्या कागदावर सगळ्यांत मोठी जागा चुका सांगणाऱ्या संदेशांना असेल. वस्तू सापडली नाही तर फ्रेमवर्क काय बोलतं, हे बहुतेक जण शेवटी बघतात. वास्तविक वापरणाऱ्याची फ्रेमवर्कशी गाठ पडते ती काहीतरी बिघडल्यावरच. ‘काटा मिळाला नाही’ एवढं पुरेसं नाही. कोणाला हवा होता, त्याला कोणी बोलावलं होतं, तशाच नावाचा दुसरा काटा जवळपास आहे का, हे सगळं एका दमात सांगितलं पाहिजे. गूसच्या पाचव्या मालिकेत संदेश वाचनीय करण्यावर मुद्दाम मेहनत घेतली गेली, ती याचसाठी.

मग काढून टाकण्याची यादी. जावात जुन्या पद्धतीवर ‘डेप्रिकेटेड’ अशी खूण करता येते. जावा ९ पासून त्या खुणेत दोन गोष्टी लिहिता येतात: कोणत्या आवृत्तीपासून ती नकोशी झाली, आणि ती खरोखर काढली जाणार आहे का. ही दुसरी गोष्ट न लिहिता केलेली खूण म्हणजे तारीख नसलेली नोटीस. तिच्या शेजारी ‘याऐवजी हे वापरा’ असं एक वाक्य हवंच. आणि जे काढायचं ते मोठ्या आवृत्तीतच काढायचं, मधल्या किरकोळ दुरुस्तीत कधीही नाही.

तपासण्या तर हव्यातच, पण जुन्या वागणुकीच्या. फ्रेमवर्क आज जे करतं, अगदी त्यातल्या वेड्यावाकड्या सवयींसकट, ते आधी तपासणीत बांधून घ्यायचं आणि मग हात घालायचा. कारण त्या वेड्यावाकड्या सवयीवरही कोणाची तरी बांधी पिकत असते.

गोंदियात, तिरोड्यात, आमगावात जावा शिकणाऱ्या मुलामुलींना एक विनंती. तुम्ही प्रोग्रॅम कंपाइल करता तेव्हा कधीकधी शेवटी एक साधी ओळ येते: काही फाइलींत डेप्रिकेटेड पद्धती वापरल्या आहेत, तपशील हवा असेल तर ‘एक्सलिंट डेप्रिकेशन’ लावून पुन्हा कंपाइल करा. प्रोग्रॅम चालतो म्हणून ती ओळ आपण सोडून देतो. आज ती सोडू नका. तो पर्याय लावा, पुन्हा कंपाइल करा आणि येणारी यादी एकदा शेवटपर्यंत वाचा. कोणीतरी लांबवर बसून तुमच्या बांधीचा विचार केला आहे आणि पाट बदलण्याआधी निरोप पाठवला आहे.